सटवाईच्या लेकीची गोष्ट

गेल्या महिन्यात पुतणीला मुलगा झाला. सिझेरियन, त्यामुळे सटी दवाखान्यातच आली. वहिनी काही ऐकेनात. नर्सला मस्का लावून त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात पाट मांडला. पाटा-वरवंटा तिथे नेणं शक्यच नव्हतं, म्हणून घरचा दगडी बत्ता रुमालात गुंडाळून आणला. त्याला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी एक कोरा कागद आणि बॉलपेन ठेवलं. निरांजनाला परवानगी नाही मिळाली, मग बॅटरीवरचा दिवा. रात्री सटवाई येणार आणि बाळाच्या कपाळावर काय लिहायचं ते लिहून जाणार.

राखणीला मी होतो. त्या कोऱ्या कागदाकडे बघता बघता मला आज्जीची एक गोष्ट आठवली. खरं तर अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी मिळायला मला पस्तीस वर्षं लागली, आणि मिळाली तीही कुठे, तर लंडनच्या एका इंग्रजी नियतकालिकात. आमच्या शुक्रवार पेठेतल्या माजघरातून निघालेली गोष्ट लंडनला कशी गेली, हे शोधताना मी फ्रॉइडपर्यंत जाऊन पोचलो. मी बँकेतला माणूस, मानसशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की कर्ज बुडवणाऱ्यांची तोंडं वाचता येतात :) तरीही लिहितो. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

आज्जी सांगायची ते असं. सटवाईला एक लेक होती. आई रोज रात्री कुठं जाते म्हणून तिनं विचारलं. सटवाई म्हणाली, बाळांच्या कपाळावर लेख लिहायला. मग माझ्या कपाळावर काय लिहिलंस? सटवाई सांगेना. लेकीनं हट्टच धरला. शेवटी सटवाईनं तिच्या कानात सांगितलं. ते ऐकलं आणि लेक उठली, घर सोडलं, आणि पुरुषाचं तोंड दिसणार नाही अशा रानात जाऊन झोपडी बांधून राहिली.

"कानात काय सांगितलं?" आम्ही विचारायचो.

"ते तिला ठावं. निजा आता."

संपली गोष्ट. दर वेळी इथंच संपायची. आम्ही भावंडांनी कानात काय सांगितलं असेल याच्या पैजा लावल्या होत्या. वाघ खाणार, विहिरीत पडणार, वगैरे.

आता थोडं व्हिएन्नाला जाऊ.

ईडिपसची कथा बहुतेकांना माहीत असते. बापाला मारून आईशी लग्न करणार असं भाकीत झालेला मुलगा, ते टाळायला पळतो आणि पळतापळताच ते खरं करून बसतो. फ्रॉइडने 1897 साली आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात ही कथा स्वतःच्या मनाला लावून पाहिली, 1900 सालच्या स्वप्नांवरच्या पुस्तकात ती छापली, आणि पुढे तिचाच 'ईडिपस गंड' झाला. (अवांतर: 'काँप्लेक्स'ला मराठीत 'गंड' कुणी केलं असेल? आज शाळेतली पोरंसुद्धा 'न्यूनगंड' म्हणतात आणि आपण ॲडलरची परिभाषा बोलतोय याची कुणालाच कल्पना नसते.)

फ्रॉइडबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हा माणूस डॉक्टर तर होताच, पण अतिशय चिकाटीचा प्रकाशकही होता. त्याच्या मंडळींना प्रस्थापित वैद्यकीय नियतकालिकांत फारसा थारा नव्हता, तर त्यांनी स्वतःचीच नियतकालिकं काढली. 1912 साली 'इमागो' निघालं, ते खास पुराणकथा, धर्म, साहित्य असल्या गोष्टींना मनोविश्लेषण लावून बघण्यासाठी. 'टोटेम अँड टाबू'ची प्रकरणं आधी तिथेच आली. मग 1919 साली बुडापेस्टच्या एका धनवान बिअरवाल्याच्या देणगीवर स्वतःची प्रकाशनसंस्था. महागाईने देणगीचा पैसा बराचसा विरघळला, संस्था कायम तोट्यात, पण फ्रॉइडने ती सोडली नाही. पुस्तकं आपल्या हातात असली पाहिजेत, हे त्याला पक्कं कळलं होतं. 1938 साली नाझी व्हिएन्नात शिरले तेव्हा त्यांनी ही संस्था ताब्यात घेतली आणि पुस्तकांचे साठे नष्ट केले.

त्याच 'इमागो'त 1924 साली मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञाने एक अडचणीचा प्रश्न विचारला. तो ट्रोब्रियंड बेटांवर राहून आला होता. तिथे वंश आईकडून चालतो, मुलावर हुकूमत चालते ती मामाची, आणि बाप म्हणजे नुसता प्रेमळ सवंगडी. मग तिथल्या मुलाचा राग बापावर कशाला असेल? तो मामावर असतो, असं त्याचं म्हणणं. (आपल्याला हे जरा चमत्कारिक वाटतं. आपला मामा शिकरण खाऊ घालणारा!) म्हणजे व्हिएन्नातल्या चार भिंतींतला बाप-आई-मुलगा हा त्रिकोण साऱ्या जगाचा नाही? फ्रॉइडचा उजवा हात अर्नेस्ट जोन्स आपल्या नियतकालिकातून त्याच्यावर तुटून पडला. वाद पुढे कित्येक वर्षं चालला. पण त्या वादाचा एक फायदा झाला. जगभरचे अभ्यासक आपापल्या मुलखात ईडिपससारख्या गोष्टी आहेत का, हे शोधायला लागले.

भारतातला माणूस या खटाटोपात फार लवकर उतरला होता. कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी दमन या विषयावरचं आपलं पुस्तक 1921 साली फ्रॉइडला पाठवलं. इतक्या दूरच्या देशात आपला विषय पोचलाय याचं फ्रॉइडला आश्चर्य वाटलं आणि आनंदही झाला. 1922 साली बोस यांच्या घरी पारसीबागान लेनमध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. पंधरा सभासद. त्यात बरेचसे कॉलेजात तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्र शिकवणारे मास्तर. बोस आणि फ्रॉइड एकमेकांना कधी भेटले नाहीत. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, 1931 साली, कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णू गेला. ती मूर्ती आजही लंडनच्या फ्रॉइड संग्रहालयात आहे.

बोस नुसते भक्त नव्हते, हे मला फार आवडतं. 1929 साली त्यांनी फ्रॉइडला आपले लेख पाठवून सरळ कळवलं, की माझ्या बंगाली रुग्णांत मला तुमच्यासारखं चित्र दिसत नाही. मुलाच्या मनातली बापाची भीती इकडे तशी नाही, उलट आईसारखं होण्याची, बाई होण्याची इच्छा इकडे अधिक सहज वर येते. फ्रॉइडने सौजन्याने उत्तर दिलं, पण त्याला काही ते पटलं नाही. पुढे 1947 साली बोस यांच्या संस्थेने स्वतःचं नियतकालिक काढलं. त्याचं नाव 'समीक्षा'. मजकूर सगळा इंग्रजी. मराठी माणसाला वाटावं पुस्तकांची परीक्षणं असतील! ईडिपसबद्दलचा आपला वेगळा सूर बोस यांनी 1949 साली त्यातच छापला. युरोपात त्याची दखल कितीशी घेतली गेली? आपलं म्हणणं मांडायला आपलंच पत्र काढावं लागतं, हे फ्रॉइडच्या वाट्याला आलं तेच बोस यांच्याही.

आणि त्याच्या पुढच्याच वर्षी आमची सटवाई लंडनला पोचली.

इरावती कर्वे हे नाव 'युगान्त'मुळे घराघरात आहे. जन्म 1905, ब्रह्मदेशातला, तिथल्या नदीवरून नाव. बर्लिनमध्ये मानवशास्त्रात डॉक्टरेट, 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. गावोगाव फिरून माणसांची मापं घ्यायची, नातेसंबंधांची माहिती गोळा करायची आणि त्याचबरोबर ऐकलेल्या गोष्टी, ओव्या, बोलण्याच्या तऱ्हा सगळं टिपून ठेवायचं. 1950 साली रॉयल अँथ्रोपोलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या 'मॅन' या नियतकालिकात त्यांचं एक छोटं टिपण आलं. जेमतेम दोन पानं. नाव, 'अ मराठी व्हर्जन ऑफ द ईडिपस स्टोरी'. सटवाई, तिची लेक, आणि कपाळावरचा लेख.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इरावतीबाईंचे थोरले दीर म्हणजे र. धों. कर्वे. ते 1927 पासून मुंबईत 'समाजस्वास्थ्य' काढत होते. स्त्रीपुरुषसंबंधांवर साध्या, रोखठोक मराठीत लिहीत होते आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. 1934 च्या खटल्यात खुद्द डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. तेच घराणं, तोच काळ. मराठीत छापलं तर अश्लीलता, इंग्रजीत विद्वानांच्या पत्रात छापलं तर संशोधन. इरावतीबाईंनी याचा विचार करून इंग्रजीत लिहिलं असं मी मुळीच म्हणत नाही, त्यांचे वाचक तिकडे होते एवढंच. पण परिणाम व्हायचा तो झाला. आमच्या बायकांची गोष्ट आम्हाला वाचायची तर लंडनला जाणं आलं.

मला तिचा पत्ता लागला तो ए. के. रामानुजन यांच्यामुळे. शिकागोत नाव काढलेला हा माणूस त्याआधी, 1950 च्या दशकात, इथे शंभरेक किलोमीटरवर बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत होता. कानडी लोककथा गोळा करायचा त्यांना नाद. त्यांचा 'द इंडियन ईडिपस' हा निबंध 1983 साली न्यूयॉर्कला निघालेल्या, ईडिपसच्या जगभरच्या कथांवरच्या ग्रंथात आहे. 1999 साली ऑक्सफर्डने दिल्लीहून त्यांचे सगळे निबंध एकत्र काढले. तो ग्रंथ एका मित्राने मला वाचायला दिला. किंमत पाहून मी विकत घेण्याच्या भानगडीत पडलो नव्हतो.

रामानुजन म्हणतात, भारतात बापाला मारणारा मुलगा शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. उलटं मात्र पदोपदी सापडतं. शंतनूच्या लग्नासाठी भीष्म आयुष्यभर ब्रह्मचारी राहतो. शिव मुलाचं डोकं उडवतो. ययाती पोटच्या मुलाकडे तारुण्य मागतो आणि पुरू देतोही! आमच्या कोल्हापुरात राहणाऱ्या भाऊसाहेब खांडेकरांनी 1959 साली 'ययाति' लिहिली, ती आम्ही सगळ्यांनी वाचली, तिला पुढे ज्ञानपीठ मिळालं. पण तिच्यात बाप-लेकाचा हा हिशेब असा उलटा मांडलेला आहे, हे निदान मला तरी तोवर दिसलं नव्हतं. आम्ही भोग आणि त्याग यांच्यावरच परीक्षेत उत्तरं लिहिली.

पण निबंधातली दुसरी गोष्ट मला जास्त भिडली. रामानुजन म्हणतात, ईडिपसला खरोखर जुळणारी गोष्ट आपल्याकडे आहे. मात्र ती मुलाची नाही, आईची आहे. ती बायका सांगतात. पोटच्या मुलाशी लग्न होणार हा लेख कपाळी असलेली बाई हीच नायिका. सगळं कळतं ते तिला. मुलाला शेवटपर्यंत पत्ताच नसतो. त्यांनी मिळवलेल्या कानडी कथेत ती बाई पाळण्यातल्या बाळाला जोजवते आणि त्याला मुलगा म्हणू, नातू म्हणू की दीर म्हणू असं सगळं अंगाईत गाते, आणि मग गळफास घेते. याच कथेचं मराठी रूप म्हणून त्यांनी इरावतीबाईंच्या टिपणाचा हवाला दिलेला होता.

ते वाचलं आणि डोक्यात लख्ख झालं. कानात काय सांगितलं ते! आज्जी जाऊन तेव्हा वीस वर्षं होत आली होती.

मी पुण्याच्या एका भाच्याच्या मागे लागून त्या दोन पानांची झेरॉक्स मिळवली. (हल्ली तीच पानं घरबसल्या दिसतात, फक्त आधी डॉलर मोजा म्हणतात. चुलीपुढे फुकट सांगितलेली गोष्ट! असो.) पुढची गोष्ट थोडक्यात अशी. लेक रानात एकटी राहते. एक पुरुष येतो, पाण्यात चूळ भरून निघून जातो. ते पाणी ती पिते आणि तिला दिवस जातात. मुलगा होतो. लेख खरा होऊ नये म्हणून ती त्याला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते. तो एका जोडप्याला सापडतो, ते त्याला वाढवतात. पुढे ती एकटेपणाला कंटाळून माणसांत येते आणि त्याच जोडप्याच्या घरी सून होते. मग एक दिवस तिला तो लुगड्याचा तुकडा दिसतो. तिला सगळं कळतं. आणि इथे मराठी गोष्ट कानडीपासून आणि ग्रीकांपासूनही फारकत घेते. कुणी डोळे फोडत नाही, कुणी फास घेत नाही. ती कुणाला काही सांगत नाही. सासूसासऱ्यांचा आशीर्वाद घेऊन संसार करत राहते.

हे मला पहिल्यांदा पटलंच नाही. संकलन करताना शेवट सौम्य केला असेल, नाहीतर सांगणारीने पाहुण्या बाईंसमोर आवरतं घेतलं असेल, असं मला वाटलं. एवढी भयंकर गोष्ट, आणि शेवट असा?

2001 च्या दिवाळीत मी ती झेरॉक्स घेऊन आईसमोर बसलो. मोठा शोध लावल्याच्या थाटात विचारलं, आज्जीच्या सटवाईच्या गोष्टीचा पुढचा भाग तुला माहीत आहे का?

आई करंज्यांना मुरड घालत होती. म्हणाली, "लेकाशी लगीन व्हतं ती?"

"तुला कुणी सांगितली?"

"सासूबाईंनीच की. तू झालास तवा. बाळंतिणीच्या खोलीत."

म्हणजे गोष्ट अर्धी कधी नव्हतीच. पहिली अर्धी पोरांसाठी आणि सगळी बाळंतिणीसाठी. मी विचारलं, शेवटी ती बाई काय करते? फास घेते?

आईनं माझ्याकडे बघितलं. "नांदली की. जाती कुठं?"

मग थोडा वेळ मुरड घालत राहिली आणि हळूच म्हणाली, "सासूबाई ती गोष्ट तात्याभावजी घरात असताना कधी सांगत न्हवत्या. पुरी बी न्हाई आन अर्धी बी न्हाई."

घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. आज्जी बिजवराला दिलेली. इरावतीबाईंच्याच वयाची. लग्न झालं तेव्हा ती चौदा वर्षांची, आजोबा चाळिशीचे, आणि आमचे तात्या, म्हणजे पहिल्या आजीचे चिरंजीव, बारा वर्षांचे. वाड्यात दुसरं पोर नव्हतं. दोघं विटीदांडू खेळायचे, आणि आजोबांची चाहूल लागली की आज्जी पदर घेऊन आत पळायची. तात्यांनी तिला जन्मभर 'आक्का' म्हटलं. आई म्हणायला त्यांना आजोबांनी सांगून पाहिलं होतं, मारूनही पाहिलं होतं म्हणतात. ती त्यांच्यासाठी आक्काच राहिली. तात्या 1974 साली गेले तेव्हा आज्जी अंगणात बसून राहिली होती, आणि समाचाराला येणाऱ्या बायकांना तिला काय म्हणून समजवावं ते सुचत नव्हतं. पोरगा गेला म्हणावं तर तो तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान.

मी यातून काही काढत नाही. गेलेल्या माणसांना कोचावर झोपवून त्यांचं मन वाचण्याचा हल्लीचा छंद मला आवडत नाही. त्यांना उलट उत्तर देता येत नाही. फ्रॉइडने तरी समोर बसलेल्याला बोलू दिलं. मला एवढंच म्हणायचं आहे, की चौदा वर्षांच्या मुलीला बारा वर्षांच्या मुलाची आई करणारी घरं गल्लोगल्ली होती, आणि त्या घरांतल्या बायका बाळंतिणीच्या खोलीत दार लावून एकमेकींना ही गोष्ट सांगत होत्या. बापाच्या हुकूमतीवर जगभरचे विद्वान भांडत असताना इथे आईकडून सांगितलेली ईडिपसची गोष्ट तयार होती, शेवटासकट. ती दोन पानांत कुणीतरी लिहून ठेवली म्हणून मला आईला विचारायचं सुचलं. नाहीतर आईही माझ्याशी त्याबद्दल कधी बोलली नसती. तिने धाकट्या जावेला सांगितली होती की नाही, ते विचारायचं राहून गेलं. वहिनी, तुम्हाला सांगितली होती का? फोन करा.

तर त्या रात्री दवाखान्यात सटवाई येऊन गेली असावी. मला पहाटे डुलकी लागली होती. सकाळी वहिनींनी कोरा कागद घडी घालून बाळाच्या उशाखाली ठेवला. बॉलपेन नर्सला तापाचा तक्ता भरायला लागलं, ती घेऊन गेली.